पावणेदोन भागिले अर्धा

पावणेदोन भागिले अर्धा किती, असे विचारले तर शाळेत अपूर्णांक शिकलेला माणूस अर्ध्याचा व्यस्त घेतो, गुणाकार करतो आणि साडेतीन हे उत्तर देतो. पुढचा प्रश्न मात्र अवघड आहे. हाच भागाकार करावा लागेल असा व्यवहारातला एक प्रसंग मुलांना सांगा. गणितशिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दोन्ही प्रश्न अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांपुढे ठेवलेले आहेत. गणित करून पाहणाऱ्या २१ अमेरिकी शिक्षकांपैकी ९ जणांचे उत्तर बरोबर आले आणि योग्य प्रसंग एकाच शिक्षकाला सुचला. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी सांगितलेल्या प्रसंगांत भागाकार अर्ध्याने होत नव्हता, दोनाने होत होता, किंवा मुळात तो भागाकारच नव्हता. चिनी शिक्षकांपैकी ७२ च्या ७२ जणांचे उत्तर बरोबर होते आणि ६५ जणांनी योग्य प्रसंग सांगितले, त्यांतल्या काहींनी तर एकाहून अधिक. खरी गंमत पुढे आहे. ते अमेरिकी शिक्षक पदवीधर होते, आणि चिनी शिक्षकांचे शिक्षण नववीपर्यंतची शाळा व त्यानंतर दोन-तीन वर्षांचे अध्यापक विद्यालय एवढेच होते.

काही वर्षांपूर्वी मी हा प्रश्न आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या, शिक्षण परिषदेत मांडला होता. उत्तर सगळ्यांना आले. प्रसंग म्हणून पहिल्यांदा जो आला तो असा: पावणेदोन किलो साखर दोघा भावांत निम्मीनिम्मी वाटली, तर प्रत्येकाला किती? हा अर्थात दोनाने भागाकार झाला आणि त्याचे उत्तर एक किलोपेक्षाही कमी येते, हे लक्षात यायला थोडा वेळ गेला. शेवटी निवृत्तीला आलेले एक गुरुजी म्हणाले, "पावणेदोन किलो साखरेच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या बांधा. तीन पुऱ्या होतील आणि एक निम्मी." त्यांच्या वडिलांचे किराणा दुकान होते आणि पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे) त्यांना लहानपणापासून पाठ होती, हे नंतर चहाच्या वेळी कळले. त्यांची ती समज डी.एड.च्या अभ्यासक्रमातून आलेली नव्हती. ती दुकानातून आली होती.

चिनी शिक्षकांची समज कुठून येते, हा माझ्या मते चिनी आणि पाश्चात्त्य शालेय शिक्षणाच्या तुलनेतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो. ही तुलना बहुधा घोकंपट्टी विरुद्ध सर्जनशीलता, शिस्त विरुद्ध स्वातंत्र्य अशा ठरलेल्या जोड्यांत अडकते. एका बाजूला परीक्षेच्या ओझ्याखाली वाकलेली चिनी मुले आणि दुसऱ्या बाजूला झाडाखाली बसून प्रकल्प करणारी युरोपीय मुले, अशी दोन चित्रे समोर ठेवली की लेख लिहून होतो. मला वाटते, या चित्रांत दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. शाळा मुलांना शिकवते आणि शाळा मुलांना चाळतेही, म्हणजे पुढच्या मोजक्या जागांसाठी त्यांची निवड करते. ही दोन्ही कामे एकाच इमारतीत चालतात म्हणून ती एक ठरत नाहीत. चीनचे शिकवणे पाश्चात्त्य देशांनी खाली बसून शिकावे इतके चांगले आहे आणि चीनचे चाळणे कोणीही उचलू नये इतके कठोर आहे. पाश्चात्त्य चर्चेत नेमके उलटे होते. स्तुती करणारे चाळणीचे निकाल दाखवून स्तुती करतात आणि टीका करणारे चाळणीकडे बोट दाखवून शिकवण्याला नाकारतात.

आधी शिकवण्याकडे पाहू. शांघायच्या प्राथमिक शाळेतला गणिताचा शिक्षक फक्त गणित शिकवतो. त्याला दिवसाला साधारण दोन, फार तर तीन तासिका असतात. उरलेला दिवस तो शिक्षकदालनात आपल्याच विषयाच्या सहकाऱ्यांशेजारी बसून घालवतो. सकाळच्या तासाची वही दुपारपर्यंत तपासून होते आणि ज्या चार मुलांना गणित समजले नाही त्यांना त्याच दिवशी बोलावून पुन्हा शिकवले जाते, कारण उद्याचा पाठ आजच्या पाठावर उभा राहणार असतो. १९५० च्या दशकापासून चीनच्या शाळांत विषयवार अध्यापन-संशोधन गट आहेत. या गटात आठवड्याला एकदा पाठ्यपुस्तकाचे एखादे पान घेऊन त्याचा कीस काढला जातो: हे उदाहरण आधी का आणि ते नंतर का, या जागी १५ हाच आकडा का घेतला, मुले कुठे अडतील, अडली तर काय विचारायचे. पाठ्यपुस्तकाच्या अशा कसून अभ्यासाला तिथे स्वतंत्र शब्दच आहे. एखादा तरुण शिक्षक एकच पाठ वरिष्ठांसमोर घेतो, त्यावर टीका ऐकतो, पाठ बदलतो आणि दुसऱ्या तुकडीवर तोच पाठ पुन्हा घेतो. आपल्याकडे पाठ टाचण ही मुख्याध्यापकांच्या सहीसाठी लिहायची वही आहे. तिथे ती भांडणाचा विषय असते.

मा यांच्या अभ्यासातला एक बारकावा इथे फार महत्त्वाचा आहे. चीनमधल्या छात्राध्यापकांनाही त्यांनी हेच प्रश्न विचारले होते. त्यांना गणित चांगले येत होते, पण अनुभवी शिक्षकांची खोली त्यांच्याकडे नव्हती. ती खोली अध्यापक विद्यालयात मिळत नाही आणि रक्तात तर नसतेच. ती नोकरीच्या जागी, पाठ्यपुस्तक उलगडता उलगडता आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी वाद घालता घालता तयार होते. 'आशियाई लोकांना गणित जात्याच येते' या पाश्चात्त्य समजुतीला इथे फारसा आधार उरत नाही.

वर्गात हे कसे दिसते, ते एका पाठापुरते जवळून पाहू. विषय आहे अपूर्णांकाची ओळख, वर्ग तिसरीचा. शिक्षिका कागदाची पट्टी घडी घालून दोन समान भाग करते आणि मुलांकडून एक पूर्ण वाक्य म्हणून घेते: "पूर्णाचे दोन समान भाग केले, तर प्रत्येक भाग त्या पूर्णाचा अर्धा असतो." एक मूल म्हणते, मग दुसरे, मग सगळा वर्ग. पाहुण्याला ही घोकंपट्टी वाटते. मग ती फळ्यावर एक वर्तुळ काढते आणि मध्याला सोडून भलतीकडेच रेघ मारून दोन भाग करते. हा अर्धा आहे का? नाही, कारण भाग समान नाहीत. मग एक चौरस, कर्णावर दुमडलेला. हा अर्धा आहे का? मग दोन चौरस, दोन्ही दुमडलेले, पण एक मोठा आणि एक लहान. यातले दोन्ही अर्धे सारखे आहेत का? इथे वर्ग दुभंगतो, हात वर जातात, आणि मघाशी सर्वांनी म्हटलेल्या वाक्यातल्या 'त्या पूर्णाचा' या दोन शब्दांचा अर्थ आता लागतो. पस्तीस-चाळीस मिनिटांत एकच कल्पना, पण ती सात-आठ बाजूंनी फिरवून पाहिलेली. काय बदलायचे आणि काय कायम ठेवायचे याचा हा हिशेब आयत्या वेळी सुचत नाही. शांघायजवळच्या चिंगपू या तेव्हाच्या ग्रामीण भागात गू लिंगयुआन यांनी १९७७ पासून जे प्रयोग केले, त्यांतून या पद्धतीला शास्त्रीय रूप आले. माओंच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीच्या उलथापालथीनंतर तिथल्या मुलांचे गणित अगदी रसातळाला गेले होते आणि गू यांनी चांगल्या शिक्षकांचे वर्ग वर्षानुवर्षे बसून पाहून ते वर काढले. तेव्हा 'चिनी मुले घोकतात' हे विधान खोटे नाही, अपुरे आहे. वाक्य पाठ होते, आणि मग त्या वाक्याची परीक्षा घेतली जाते.

भाषाही तिथे थोडी साथ देते. चिनीत अकराला 'दहा-एक' आणि एकविसाला 'दोन-दहा-एक' म्हणतात, आणि एक तृतीयांश हा अपूर्णांक 'तीन भागांतला एक' असा छेद आधी सांगून वाचतात. आपल्याकडे २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन सुचवले, तेव्हा त्याची थट्टा विधिमंडळापर्यंत पोहोचली. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण समजावून सांगितले, पण विनोदाच्या गलबल्यात ते फारसे कोणी ऐकले नाही. शतकानुशतके तोंडात बसलेले संख्यावाचक शब्द पुस्तकाच्या एका पानाने बदलत नाहीत, हे खरे. पण सहा वर्षांच्या मुलाला त्रेपन्न आणि पस्तीस यांत घोटाळा का होतो, हा प्रश्न थट्टेचा नव्हता.

आता इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत जाऊ. पाश्चात्त्य म्हणजे सगळे एक नाही, म्हणून एकच देश घेतलेला बरा. प्राथमिक शिक्षणाविषयीच्या १९६७ च्या प्लाउडेन अहवालाने शिक्षणाच्या केंद्रस्थानी बालकाला बसवले आणि तिथल्या शाळांचा चेहरा बदलला. भिंतींवर मुलांची चित्रे आली, बाके जाऊन गोल टेबले आली, छडी हळूहळू हद्दपार झाली. हे सगळे मोलाचे होते आणि त्याची टिंगल करणाऱ्यांनी त्याआधीची शाळा आठवून पाहावी. पण त्या गोल टेबलांभोवती मुले कशी बसवली जात, हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकू द्यायचे, तर वेगाप्रमाणे गट पाडावे लागतात. त्या गटांना रंगांची किंवा प्राण्यांची नावे दिली जात, कोणाला कमीपणा वाटू नये म्हणून. सहा-सात वर्षांच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात कळे की हुशारांचे टेबल कोणते आणि 'ढ' मुलांचे कोणते. हुशार टेबलाला अवघड गणिते मिळत, तिसऱ्या टेबलाला बेरजेची चित्रे रंगवायला मिळत, आणि वर्ष संपेपर्यंत या दोन टेबलांमधले अंतर वाढलेले असे. हेतू दयाळू होता. पण दयाळूपणे का होईना, मूल सहाव्या वर्षी चाळले गेले.

याउलट, ज्या देशाच्या नावाने आपण परीक्षेची भुते उभी करतो, त्या चीनमध्ये सक्तीच्या नऊ वर्षांच्या शिक्षणात गुणवत्तेनुसार वेगळ्या तुकड्या पाडायला २००६ च्या सुधारित कायद्याने बंदी आहे. ती सगळीकडे पाळली जात नाही, पळवाटा भरपूर आहेत. तरी शांघायच्या प्राथमिक वर्गातला नियम असा की सगळा वर्ग एकच गणित शिकेल आणि जो मागे राहील त्याला त्याच दिवशी ओढून आणले जाईल. हुशार मुलाला पुढचा धडा मिळत नाही, त्याच धड्यातला अधिक अवघड प्रश्न मिळतो. यामागे बुद्धीविषयीची एक धारणा आहे. हॅरल्ड स्टीव्हन्सन आणि जेम्स स्टिगलर या अमेरिकी संशोधकांनी १९८० च्या दशकात चिनी, जपानी आणि अमेरिकी कुटुंबांची तुलना केली, तेव्हा त्यांना आढळले की मुलाच्या यशापयशाचे कारण म्हणून आशियाई आया प्रयत्नावर अधिक भर देत होत्या आणि अमेरिकी आया उपजत क्षमतेवर. आपल्या भाषेत या दोन्ही धारणा शेजारी शेजारी नांदतात. 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' हे सुभाषित आपण शाळेच्या भिंतीवर रंगवतो, आणि प्रगतिपुस्तक हातात आले की 'आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' असे म्हणून मोकळे होतो. शांघायच्या वर्गात पहिली म्हण वेळापत्रकात उतरवलेली आहे, एवढाच काय तो फरक.

इथपर्यंत चीनची बाजू घेतली. आता चाळणीकडे वळायला हवे, आणि तिथे माझे मत तितकेच स्पष्ट आहे.

सरकारी चाकरीसाठी परीक्षा घेण्याची चिनी प्रथा सुई राजवटीपासूनची, म्हणजे सातव्या शतकाच्या आरंभापासूनची, आणि ती १९०५ पर्यंत टिकली. गरिबाच्या मुलालाही मंत्री होता येते, हे तिचे आश्वासन होते. ते फार थोड्यांच्या वाट्याला आले, तरी समाजाच्या मनात खोल रुजले. आजची विद्यापीठ-प्रवेश परीक्षा गाओकाओ १९५२ साली सुरू झाली, सांस्कृतिक क्रांतीत १९६६ पासून बंद पडली आणि १९७७ च्या हिवाळ्यात कम्युनिस्ट पक्षाचे नेते डंग श्याओफिंग यांच्या निर्णयाने पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी सुमारे ५७ लाख लोक परीक्षेला बसले. त्यांत शेतावर आणि कारखान्यात दहा-दहा वर्षे राबलेले तिशीतले लोकही होते. जागा मिळाली ती पावणेतीन लाखांच्या आसपास लोकांना. त्या पिढीला ही परीक्षा जुलूम वाटली नाही, सुटका वाटली, आणि हे समजून घेतल्याशिवाय चिनी पालक गाओकाओला का चिकटून आहेत ते कळत नाही. वशिला, पक्षातली ओळख, बापाची नोकरी यांपैकी काहीच जिथे चालत नाही अशी ती त्यांच्या आयुष्यातली बहुधा एकमेव जागा असते. २०२४ साली या परीक्षेला १ कोटी ३४ लाख मुलांनी नोंदणी केली.

आता विद्यापीठांत जागा पुष्कळ आहेत, पण झुंज कमी झालेली नाही. ती वर सरकली आहे, नामांकित ३९ विद्यापीठांच्या दिशेने. आणि ती खालीही सरकली आहे, कारण नववीनंतरच्या परीक्षेत पुष्कळ मुले सर्वसाधारण उच्च माध्यमिक शाळेबाहेर, व्यवसाय-शिक्षणाकडे वळवली जातात. म्हणजे पंधराव्या वर्षीच या मुलांना विद्यापीठाचा मुख्य रस्ता बंद होतो. नऊ वर्षे कोणालाही मागे न ठेवणारी शाळा दहाव्या वर्षाच्या दारात उभी राहून त्यांना परत पाठवते. आन्ह्वेई प्रांतातल्या माओतानछांग या डोंगराळ गावाची अर्थव्यवस्थाच गाओकाओच्या तयारीवर चालते. हजारो मुले तिथे पहाटेपासून रात्रीपर्यंत सराव करतात आणि त्यांच्या आया भाड्याच्या खोल्यांत राहून डबा करतात. लातूर पाहिलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. माओतानछांगमध्ये जे चालते त्यात वर वर्णन केलेल्या तिसरीच्या पाठाचा मागमूसही नसतो. तिथे फक्त चाळणीची जाळी ओळखून तिच्यातून बरोबर पडण्याचा सराव असतो.

शरीरावर याचे काय परिणाम होतात, ते चीनच्या सरकारनेच मोजले आहे. २०१८ च्या सरकारी पाहणीत तिथल्या मुला-किशोरांपैकी ५३.६ टक्के आणि उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांपैकी ८१ टक्के जवळदृष्टीचे, म्हणजे लांबचे न दिसणारे निघाले. जुलै २०२१ मध्ये सरकारने 'दुहेरी भारकपात' धोरण आणले. पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ नाही, तिसरी ते सहावीला रोज ६० मिनिटांपर्यंत, सातवी ते नववीला ९० मिनिटांपर्यंत, आणि शालेय विषयांच्या नफेखोर शिकवणी-उद्योगावर बंदी. बड्या शिकवणी-कंपन्यांचे समभाग कोसळले आणि लाखो लोकांचा रोजगार गेला. पण नववीची चाळणी आणि बारावीची चाळणी जिथल्या तिथे राहिली, तेव्हा व्हायचे तेच झाले. ज्यांना परवडते त्यांच्या घरी शिकवणीचा मास्तर वेगळ्या नावाने येऊ लागला, आणि ज्यांना परवडत नाही त्यांची साधी गल्लीतली शिकवणी गेली. भोक तसेच ठेवून पाणी पुसण्याचा हा प्रकार होता. शिवाय हुकौ या घरनोंदणीच्या व्यवस्थेमुळे शांघायमध्ये बांधकामावर राबणाऱ्या मजुराच्या मुलाला पुष्कळदा परीक्षेसाठी आपल्या मूळ प्रांतात परतावे लागते, आणि वयाच्या पंधराव्या वर्षी तो शांघायच्या शाळेतून नाहीसा होतो.

पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीतले चीनचे आकडे वाचताना हा मुलगा लक्षात ठेवायला हवा, कारण ती चाचणी नेमकी पंधरा वर्षांच्या मुलांची असते. २०१२ मध्ये शांघायने गणितात ६१३ गुण मिळवले आणि २०१८ मध्ये बीजिंग, शांघाय, ज्यांग्सू व चच्यांग या चार सधन भागांनी मिळून ५९१. यातून शांघाय काय करू शकते ते कळते. कान्सू किंवा क्वेईचौ या गरीब प्रांतांच्या डोंगरातली शाळा काय करते, ते कळत नाही. २०१२ च्याच पाहणीत शांघायची मुले आठवड्याला जवळपास १४ तास गृहपाठ करत होती आणि पाहणीतल्या विकसित देशांची सरासरी सुमारे ५ तासांची होती, हाही हिशेब धरावा लागतो. दुसरीकडे, ज्या फिनलंडच्या शाळांची वर्णने मराठी नियतकालिकांत भक्तिभावाने छापली जातात, त्या फिनलंडचे गणितातले गुण २००६ मधल्या ५४८ वरून २०२२ मध्ये ४८४ वर आले, हे मात्र त्या लेखांत सहसा सापडत नाही. भारताविषयी बोलायचे तर, हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू ही दोन राज्ये २००९ च्या फेरीत उतरली, तळाशी आली, आणि त्यानंतर आपण ती चाचणीच दिलेली नाही. आरसा फोडून चेहरा सुधारण्याचा हा उपाय चीनने तरी केला नाही.

मग पाश्चात्त्यांकडून काय घ्यायचे? माझ्या मते त्यांच्या अध्यापनापेक्षा त्यांची दुसरी संधी घेण्यासारखी आहे. अमेरिकेत तिशीतला माणूस स्थानिक दोन वर्षांच्या महाविद्यालयात नाव घालून पुढे विद्यापीठात जाऊ शकतो. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात शालान्त प्रमाणपत्राशिवाय प्रवेश मिळतो. जर्मनी दहाव्या वर्षी मुलांचे गट पाडते, आणि त्याबद्दल ती टीकेला पात्रच आहे, पण कारागिरीचे शिक्षण घेतलेल्याला तिथे मान आणि बरा पगार मिळतो, म्हणून चाळणीतून खाली पडणे म्हणजे आयुष्यातून उठणे ठरत नाही. पाश्चात्त्य शाळेतला निवांतपणा तिच्या अध्यापनशास्त्रातून आलेला आहे असे मला वाटत नाही. परीक्षेत नापास झालेल्या माणसाचे पुढे फारसे वाईट होत नाही, या सामाजिक स्थितीतून तो आला आहे. त्यातही पैशाची चाळणी आहेच. इंग्लंडमधली सुमारे ७ टक्के मुले फी भरून खासगी शाळांत शिकतात आणि चांगल्या सरकारी शाळेजवळचे घर महाग असते. गाओकाओ निदान सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते.

एक आक्षेप मला स्वतःलाच सतावतो. शिकवणे आणि चाळणे ही दोन कामे मी कागदावर वेगळी केली, पण प्रत्यक्षात चाळणीच्या धाकामुळेच चिनी शिक्षक आणि पालक इतके झटत असतील तर? चाळणी काढली तर ते शिक्षकदालनही ओस पडेल का? याचे पूर्ण उत्तर कोणाकडे आहे असे वाटत नाही, आणि धाकाचा वाटा मी नाकारत नाही. पण तिसरीच्या वर्गातला तो चौरस आणि वर्तुळाचा पाठ धाकातून निघत नाही. धाकातून माओतानछांग निघते. छ्येन शुएसेन या ज्येष्ठ रॉकेटशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये पंतप्रधान वन ज्यापाओ यांना विचारले होते की आपल्या शिक्षणसंस्थांतून असामान्य प्रतिभेची माणसे का घडत नाहीत. तो प्रश्न चीनमध्ये त्यांच्याच नावाने ओळखला जातो. स्वतः छ्येन शांघायमध्ये शिकले आणि पुढे अमेरिकेत. त्यांच्या प्रश्नाचे खापर प्राथमिक शाळेवर फोडणे मला अन्यायाचे वाटते. ज्या समाजात मोठ्या माणसांनाही काही प्रश्न विचारण्याची मुभा नाही, तिथे लहान मुलांच्या सर्जनशीलतेची चौकशी शाळेत जाऊन करणे सोयीचे असते, इतकेच.

शिवाय चिनी आणि पाश्चात्त्य ही लेबलेही घट्ट चिकटलेली नाहीत. बालककेंद्री शिक्षणाचे अमेरिकी प्रवक्ते जॉन ड्यूई १९१९ ते १९२१ अशी दोन वर्षांहून अधिक काळ चीनमध्ये राहून व्याख्याने देत होते. त्यांचे शिष्य ताओ शिंगझी कोलंबिया विद्यापीठातून परतले आणि १९२७ मध्ये नानजिंगजवळच्या खेड्यात त्यांनी शिक्षकांची शाळा काढली. कृती आधी आणि ज्ञान नंतर, हे ठसवण्यासाठी त्यांनी आपल्या नावातली अक्षरेसुद्धा उलटी केली. ताओ १९१५ मध्ये कोलंबियात पोहोचले, तेव्हा ड्यूईंचे आणखी एक विद्यार्थी तिथे होते, भीमराव आंबेडकर. पुढे १९५० च्या दशकात चीनने ड्यूईंना परके ठरवले आणि कैरॉव्ह या सोव्हिएत शिक्षणतज्ज्ञाचे पुस्तक आणले. त्यातली पाठाची पायऱ्यापायऱ्यांची रचना मुळात एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन हर्बार्टपंथीयांची, म्हणजे हर्बार्ट या शिक्षणतज्ज्ञाच्या अनुयायांची, होती. आपल्याकडे बी.एड. केलेल्या प्रत्येकाने ती 'हर्बार्टची पंचपदी' म्हणून पाठ केलेली आहे. ज्याला आज 'चिनी पाठ' म्हणतात त्याच्या हाडात जर्मन मज्जा आहे. जर्मन पंचपदी आपल्याकडे आली आणि टाचणवहीत पडून राहिली. चीनमध्ये तिच्यावर साठ-सत्तर वर्षे शिक्षकांनी काम केले.

इंग्लंडने २०१४ पासून शांघायशी गणित-शिक्षकांची देवाणघेवाण सुरू केली आणि २०१६ मध्ये ८००० प्राथमिक शाळांत ही पद्धत नेण्यासाठी ४ कोटी १० लाख पौंड जाहीर केले. शांघायची पाठ्यपुस्तके इंग्रजीत आली. पूर्ण वाक्यात उत्तर देण्याची सवय आली आणि सगळ्या वर्गाने एकत्र पुढे जाण्याची कल्पनाही अनेक शाळांत रुजली. माझ्या मते हीच त्या उपक्रमाची सर्वांत मोठी मिळकत, कारण तिने ती प्राण्यांच्या नावांची टेबले मोडायला सुरुवात केली. निकालातली सुधारणा मात्र बेताचीच दिसली, ती लहान वर्गांत थोडी आणि वरच्या वर्गांत जवळपास नाहीच. याचे आश्चर्य वाटू नये. इंग्लंडमधली प्राथमिक शिक्षिका सकाळपासून दुपारपर्यंत गणित, इंग्रजी, विज्ञान, इतिहास असे सगळे विषय एकटीच शिकवते. पाठाच्या तयारीसाठी तिला अध्यापनाच्या वेळेपैकी किमान १० टक्के वेळ मिळावा, अशी तरतूद २००५ पासून आहे. शांघायच्या शिक्षकाचे प्रमाण याच्या उलट टोकाला आहे. पुस्तक आणले, पण ज्या वेळापत्रकात ते पुस्तक वाचले जाते ते वेळापत्रक आणले नाही.

ते आणायचे तर त्याची किंमत काय, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. शिक्षकांची संख्या तीच ठेवून प्रत्येकाच्या तासिका निम्म्या करायच्या, तर वर्गातली मुले वाढवावी लागतात. शांघायच्या वर्गात ती चाळीसच्या आसपास असतात, इंग्लंडमध्ये पहिल्या दोन-तीन वर्गांसाठी कायद्याने ३० ची मर्यादा आहे. लहान वर्ग आणि दमलेली शिक्षिका, की मोठा वर्ग आणि तयारी करून आलेली शिक्षिका, असा तो सौदा आहे. मी दुसरी बाजू घेईन. पण आपल्या मुलाला चाळिसाव्या बाकावर बसवायला तयार असलेला पालक इंग्लंडमध्ये शोधून सापडणे कठीण आहे, आणि 'मोकळ्या तासाला शिक्षक नुसते बसून असतात' असे म्हणणारा पालक कोणत्याही देशात पहिल्याच घरी सापडतो.